गुरुवारचं बसणं

लोकांना नीट बसता यावं हा त्याचा धंदा, आणि स्वतः बसणं हे त्याचं व्यसन. बसणं म्हणजे काय, हे तुम्हाआम्हाला फोड करून सांगायला नको. ‘आज बसू या का?’ असं चौघांतल्या एकाने म्हटलं की उरलेले तिघे खुर्च्या शोधत नाहीत, ग्लास शोधतात. एवढा साधा, घरंदाज शब्द आपण कुठल्या कामाला जुंपला बघा! त्या शब्दाने या माणसाची जी फजिती केली, तिचीच ही हकीकत आहे.

सगळी आळी त्याला कुशनवाला म्हणायची. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. बायको कापड बेतायची, खोळी शिवायची आणि तो त्या सोफ्या-खुर्च्यांवर चढवायचा. कोपऱ्यातल्या टेबलावर तिचं हाताचं शिलाई मशीन असायचं, तिच्या आईने दिलेलं, दोन स्क्रूंनी टेबलाला आवळलेलं. दुकानात तिची एकटीची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू होती, आणि दुकान चालायचं ते त्या वस्तूवर.

काम करताना तोंडात चुका धरायची त्याची सवय होती. चुका म्हणजे बारीक खिळे. दहा-बारा ओठांत धरायच्या, जिभेने एकेक पुढे सारायची आणि ठोकायची. पिना मारायचं यंत्र बाजारात येऊन जमाना झाला तरी त्याने ही सवय सोडली नव्हती. “तोंडात चुका असल्या की बायकोला उत्तर द्यावं लागत नाही,” असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकं हसायची. बायको हसायची नाही, कारण ते खरं होतं.

आता मुद्द्याची खुर्ची. शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आपली हातांची जुनी खुर्ची घेऊन आल्या. निळे-पांढरे उभे पट्टे असलेलं कापड त्यांनी स्वतः निवडलं होतं. बायकोने खोळ शिवली, ती अशी की पट्ट्याला पट्टा जुळून शिवण कुठे आहे ते शोधावं लागावं. कुशनवाल्याने ती चढवली दुपारी बसून आल्यावर. दुसऱ्या दिवशी बघतात तो पट्टे असे कललेले, की खुर्चीकडे बघायचं तर माणसाने मान वाकडी करावी. उलगडून पुन्हा चढवायला वेळ नव्हता, बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी खुर्ची पाहिली, मग त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. “छान,” म्हणाल्या आणि घेऊन गेल्या. बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

त्या संध्याकाळी बायको त्याला म्हणाली, “आजवर पुष्कळ गिळलं. आता पुन्हा बसलात, तर मी मशीन उचलीन आणि ताईकडे निघून जाईन. मग शिवा तुम्ही आणि चढवा तुम्ही.”

ओरडून बोलणाऱ्या माणसाचं एवढं मनावर घ्यायचं नसतं. ही हळू बोलली होती. कुशनवाला घाबरला आणि खरोखरच डॉक्टरकडे गेला.

डॉक्टर भला माणूस. त्याने गोळ्या दिल्या आणि म्हणाला, “औषध हात थरथरायचे थांबवील, इच्छा नाही थांबवणार. त्याला माणसं लागतात. दारू सोडलेल्या लोकांचा एक गट तुमच्याच भागात आहे. पत्ता बाहेरच्या खिडकीवर विचारा.”

खिडकीशी रांग होती आणि रांगेत त्याचा किराणावाला उभा होता. आता किराणावाल्याच्या मागे उभं राहून ‘दारू सोडायचा पत्ता द्या’ असं कोण विचारणार? पत्ता विचारणं म्हणजे चारचौघांत कबुली देणं. तो तसाच बाहेर पडला आणि स्वतःच शोधायला लागला. कुठल्या दारावर पाटी दिसते का म्हणून दोन संध्याकाळी गल्ल्या पालथ्या घातल्या. औषधांच्या दुकानात शिरून “इथे जवळपास ते... हे...” इथपर्यंत गेला आणि शेवटी खोकल्याची बाटली विकत घेऊन आला.

“नाही सापडला गट,” त्याने घरी सांगितलं. सांगताना आतून हायसं वाटत होतं, हेही खरंच.

“दिवे गेले तरी ज्याला दारूचं दुकान सापडतं,” बायको कापडावर खडू ओढत म्हणाली, “त्याला एवढा मोठा गट नाही सापडत. आणि खोकला कुणाला झालाय?”

दोन-चार दिवस गेले आणि नळवाला दुकानात उगवला. नळवाला म्हणजे जुना पक्का बसणारा. दोघांनी मिळून किती बाटल्या पालथ्या केल्या असतील त्याला गणती नाही. अलीकडे मात्र तो अड्ड्यावर दिसत नव्हता. बायको आत आहे असं बघून तो हळूच म्हणाला, “काय रे, दर गुरुवारी आम्ही बसतो. सात-आठ जण असतो. इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीत. ये की.”

मनुष्याचं मन बघा. बायकोची धमकी कानात ताजी, डॉक्टरच्या गोळ्या खिशात, आणि तरीही गुरुवारपर्यंत त्याच्या डोक्यात इस्त्रीवाल्याच्या वरच्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं. एकदाच, थोडीशी, ओळखीच्या लोकांत. चोरून पिणाऱ्याला असल्या सबबी तोंडपाठ असतात. गुरुवारी संध्याकाळी त्याने टेप खिशात टाकली, “एका सोफ्याचं माप घ्यायचंय,” असं सांगितलं आणि निघाला.

खोलीत खालच्या इस्त्र्यांची ऊब येत होती, नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांचा वास येत होता. चार तऱ्हेच्या खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या आणि त्यावर माणसं गप्पा मारत होती. नळवाला होता, एक बसचालक होता, एक दाढी पिकलेला छापखानेवाला होता, आणखी तिघे-चौघे होते. कुणीतरी त्याच्या हातात चहा दिला. आधी चहा, मग ते, असा इथला रिवाज असेल म्हणून त्याने तो मुकाट्याने प्यायला. दुसरा कप आला. तोही प्यायला. बाटली काही दिसेना.

“सुरू कधी करायचं?” त्याने नळवाल्याच्या कानात विचारलं.

“काय?”

“अरे, बसायचं ना?”

“बसलोय की!”

असं काही हसले सगळे, की खालून इस्त्रीवाल्याने “काय झालं?” म्हणून हाक मारली. “आणखी एक आला रे,” छापखानेवाल्याने खिडकीतून सांगितलं.

कुशनवाल्याला उलगडा झाला. दोन संध्याकाळी जो गट शोधत तो गल्ल्या तुडवत होता, तो हाच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा. पण त्याला हसू आलं नाही, संताप आला. “ही काय थट्टा आहे?” म्हणत तो उठला. “सरळ सांगायला काय झालं होतं?”

“सरळ सांगितलं असतं तर आला असतात?” दारापासच्या कोपऱ्यातून एका बाईचा आवाज आला. “आमच्यातले निम्मे याच शब्दाला फसून आलेत. रागावू नका. बसा.”

त्याने वळून पाहिलं. खुर्चीवाल्या बाई! आणि बाई ज्यावर हात टेकून उभ्या होत्या, ती निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची खुर्ची. पट्टे तसेच, मान वाकडी करायला लावणारे.

“ही इथे कशी?” त्याच्या तोंडून कसंबसं निघालं.

“घरी नेलीच नाही मी. पट्टे पाहिले आणि ओळखलं,” बाई म्हणाल्या. “मीही एके काळी फळ्यावर अशाच उतरत्या ओळी लिहायचे. मुलं माना वाकड्या करून वाचायची आणि मला वाटायचं, फळाच वाकडा टांगलाय. तुमची खुर्ची बघितली आणि म्हटलं, हिला इथेच ठेवू. हिला असं करणारा आज ना उद्या येईलच. मग नळवाल्याला तुमच्याकडे धाडलं.”

त्यांच्या बोलण्यात दया नव्हती की टोमणा नव्हता. कुशनवाल्याने खुर्ची ओढली आणि आपल्याच वाकड्या कामावर बसला.

त्यानंतर दर गुरुवारी तो जाऊ लागला. तिथे नावं कुणी विचारत नसे आणि उपदेश कुणी करत नसे. जो तो आपली कथा सांगायचा, बाकीचे ऐकायचे. बसचालक आठवडाभर कसा तग धरून राहिला ते सांगताना रडला तरी कुणी “रडू नका” म्हटलं नाही. कुशनवाल्याला हे सगळं आवडलं, पण स्वतः बोलायचं म्हटलं की तो उठून चहा ओतायला जायचा. मग त्याने युक्ती काढली. हातोडी, चुकांची डबी आणि चिमटा घेऊन तो खोलीतल्या खुर्च्या दुरुस्त करू लागला. कुणाची स्प्रिंग वर आलेली, कुणाचा फोम बसलेला. तोंडात चुका धरल्या की बोलायचा प्रश्नच मिटला. बाई नुसत्या हसायच्या. “तोंडातल्या चुका बाहेर निघाल्या की बोला,” म्हणायच्या, “घाई नाही.”

पट्ट्यांची खुर्ची त्याने सगळ्यात शेवटी घेतली. ती सोडवताना आपण प्यालेल्या अवस्थेत किती आणि कशा चुका मारल्या होत्या ते त्याला दिसलं. एकेक उपटताना घाम फुटला. हात थरथरायचे तेव्हा थांबायचं, चहा प्यायचा, पुन्हा उपटायच्या. बायकोने शिवलेली खोळ मात्र जशीच्या तशी सरळ होती. वाकडेपणा कापडाचा कधीच नव्हता.

हे सगळं त्याने घरी का सांगितलं नाही? अहो, सांगून झालं होतं ना. ‘आजपासून बंद’ हे वाक्य त्या घराने इतक्यांदा ऐकलं होतं, की भिंतींनाही पाठ झालं असेल. आता म्हणायचं नाही, करून दाखवायचं, मग एक दिवस बायकोला आणून ती खुर्ची दाखवायची, असा त्याचा बेत होता. बेत चांगला होता, फक्त बायकोला माहीत नव्हता. तिला एवढंच दिसत होतं, की नवरा दर गुरुवारी सोफ्याचं माप घ्यायला जातो आणि बेतायला कापड काही येत नाही. तोंडाला वास येत नाही हेही तिला दिसत होतं. पण त्याने यापूर्वीही महिना-महिना वास येऊ दिला नव्हता, आणि पुढे काय झालं होतं ते तिला ठाऊक होतं.

त्या गुरुवारी पट्ट्यांच्या खुर्चीला शेवटच्या चुका मारायच्या होत्या. कुशनवाला सकाळपासून शीळ घालत होता. संध्याकाळी नळवाला पाना खांद्यावर टाकून रस्त्यावरून जाताना ओरडला, “काय रे, बसायचंय ना आज?”

“बसायचंय म्हणजे काय! आज लवकर बसू!” हा दुकानातून खुशाल ओरडला. एवढे दिवस तो शब्द ज्या अर्थाने कानावर पडत होता, त्याच अर्थाने तोंडातून गेला. बायकोच्या हातातली कात्री कापडात मध्येच थांबली. ते त्याने पाहिलं आणि हिला आज कंटाळा आलाय असं समजून तो चालू लागला.

वाटेत बाजारात चुका घेऊन दोघे इस्त्रीवाल्याच्या गल्लीशी पोचले तेव्हा नळवाल्याने विचारलं, “वहिनींना सांगितलंस ना एकदाचं?”

“अजून नाही. खुर्ची झाली की सांगणार.”

“मग आत्ता त्यांनी काय ऐकलं?”

कुशनवाला जागच्या जागी थिजला. मग मागे न बघता दुकानाकडे पळत सुटला.

टेबलावर मशीन नव्हतं. दोन स्क्रूंची भोकं होती, तेलाचा जुना डाग होता आणि मशीनखाली इतकी वर्षं झाकला गेलेला लाकडाचा उजळ चौकोन होता. त्याला त्या चौकोनाकडे बघवेना. “अगं,” त्याने मागच्या खोल्यांत हाक मारली. “अगं, ऐक ना.” तिची चप्पल नव्हती, पिशवी नव्हती. तो बस-स्थानकाकडे धावला. मोबाईल दुकानातच राहिला होता, फोमच्या ढिगाखाली वाजत पडला होता, हे त्याला पुष्कळ उशिरा कळलं.

ताईच्या गावची बस नुकतीच सुटली होती. तिच्या धुराचा वासही अजून गेला नव्हता. तो फलाटावर उभा राहिला. काय करावं सुचेना. रागावं तर कुणावर? ती ठरलेल्या शब्दाला जागली होती, एवढंच.

बस-स्थानकाच्या समोरच त्याचा जुना अड्डा. मालक दारात उभा होता. त्याने ओळखून हात वर केला. “या या, किती दिवसांनी! बसा.”

कुशनवाला रस्ता ओलांडून त्याच्या दारापर्यंत गेला. खोटं कशाला सांगा, गेला. आता कुणापासून लपवायचं होतं? कुणाला दाखवायचं होतं? जिच्यासाठी चाललं होतं ती गेली, तेव्हा आता बसायला कुणाची हरकत? आतल्या टेबलावर कुणीतरी बाटलीचं बूच काढलं. आणि त्याला उगाचच ती खुर्ची आठवली. मागच्या बाजूच्या चार-सहा चुका राहिल्या होत्या. तशीच राहिली तर कापड पुन्हा सरकणार.

“आज दुसरीकडे बसायचंय,” तो मालकाला म्हणाला आणि वळला. वळताना रडत होता. रस्त्यावरचे लोक बघत होते, बघू देत.

इस्त्रीवाल्याने त्याला येताना पाहिलं आणि जिन्याकडे बोट दाखवलं. जिना चढताना त्याला वाटलं, वर जाऊन एवढंच सांगावं, की ती गेली आणि मी प्यायलो नाही. बाकी काही सांगण्यासारखं शिल्लकच नव्हतं. त्याने दार ढकललं.

समोर बायको बसली होती. हातात चहाचा कप, पायाशी मशीन.

झालं होतं ते असं, नळवाल्याने नंतर सांगितलं. ती मशीन उचलून निघाली खरी, पण जाता जाता आपला संसार बुडवणाऱ्या त्या टोळक्याला चार शब्द सुनावायचे म्हणून नळवाल्याचा माग काढत दुसऱ्या गल्लीने आली. खाली इस्त्रीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “वर बसलेत सगळे.” मग काय, आगीत तेलच. ते जड मशीन घेऊन जिना चढली आणि दारातूनच कडाडली, “लाज कशी वाटत नाही तुम्हाला?” सगळ्यांच्या हातात चहा बघून ती गडबडली. बाई पुढे झाल्या, “या, बसा,” म्हणाल्या. “मी बसायला आलेली नाही!” ती म्हणाली. त्या खोलीत पहिल्या दिवशी हेच वाक्य पुष्कळांच्या तोंडून निघालं होतं, म्हणून कुणी हसलं नाही. नळवाल्याने कुशनवाल्याला फोनवर फोन केले, पण उचलणार कोण?

आता कुशनवाला दारात धापा टाकत उभा होता. ती त्याच्याकडे बघत नव्हती. पट्ट्यांच्या खुर्चीकडे बघत होती. कप खाली ठेवून ती उठली, खुर्चीजवळ गेली, पाठीवरून हात फिरवला, वाकून बैठकीचा सांधा पाहिला. पट्ट्याला पट्टा मिळाला होता.

“सरळ आलेत पट्टे,” ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

“पण मागची शिवण उसवलीय. चुका उपटताना ओढलीत तुम्ही.”

“हो. ओढली गेली.”

तिने पदराने डोळे टिपले आणि मशीनला हात घातला. नळवाल्याने धावत जाऊन टेबल पुढे ओढलं. “आता मशीन आणलंच आहे,” ती म्हणाली, “तर देते एक टीप मारून.”

मागची बाजू सोडवून त्याने कापड तिच्या हाती दिलं. ती दोरा ओवायला लागली. तो शेजारच्या स्टुलावर बसला आणि हात सवयीने डबीकडे गेला. चार-पाच चुका ओठांत धरल्या. बाई नेहमीसारख्या नुसत्या हसल्या. बायकोने मात्र सुईवरून नजर उचलून त्याच्या तोंडाकडे पाहिलं, लग्नापासून जशी बघत आली होती तशीच.

त्याने चुका तोंडातून काढल्या. एकेक करून तळहातावर ठेवल्या, मूठ मिटली.

“मी कुशनवाला,” तो म्हणाला. आवाज आपला नव्हेच असा लागला होता. “मला दारूचं व्यसन आहे. इथे मी दर गुरुवारी नुसता ऐकतच आलोय. आज मघाशी अड्ड्याच्या दारापर्यंत गेलो होतो.”

मशीनचं चाक फिरत होतं, टीप पुढे सरकत होती. त्याला वाटलं, तिला ऐकू जात नसेल, म्हणून तो थांबला.

“बोला तुम्ही,” ती मान वर न करता म्हणाली, आणि ऐकू यावं म्हणून तिने चाक हळू केलं.